अकरा आडवा, अकरा उभा

सोमवारी आणि गुरुवारी, धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
साडेअकरा ते साडेतीन
माझा डावा हात मशीनला दिलेला असतो
आणि उकेंचा उजवा,
कारण त्यांच्या डाव्यातली नस मागच्याच वर्षी बसली.
रोशनला सांगून खुर्च्या अशा लावून घेतल्या
की त्यांचा मोकळा हात माझ्या मोकळ्या हाताशेजारी यावा.
ते पुरवणी धरतात, मी लिहिते.
दोघांत मिळून एक धड कारकून.

नवतपा लागलाय.
बाहेर व्हरांड्यातला कूलर दिवसभर पाणी पाणी करतो.
आम्हाला पाणी मोजून. दिवसाला लिटरभर,
त्यात वरणातलंही धरायचं.
तहान लागली की कोडं काढायचं, ही उकेंची युक्ती.
रविवारचं मोठं कोडं ते घडी घालून
सोमवारपर्यंत खिशात राखतात,
घरी कोणाला हात लावू देत नाहीत.

'जोडीने काम करणारी गाळणी, अक्षरं चार'
हे सगळ्यात आधी भरलं. मूत्रपिंड.
"आपली नाही करत," ते म्हणाले, "कोड्यातली तरी करू दे."

तीनपर्यंत खालचा कोपरा सोडून सगळं झालं.

सात उभा: युद्धात असून लढत नाही.
अक्षरं तीन, शेवटचं णा.
"करुणा," उके म्हणाले.
मी म्हटलं, करुणा युद्धात कुठे असते?
"असाले पाहिजे," म्हणाले, जरा दुखावून.
पण पहिल्या घरात सा होता, साबणाचा,
आणि साबण पक्का होता.

अकरा उभा: नागपूर येतंय असं सांगणारं स्टेशन.
अक्षरं तीन, पहिलं पा.
मी विचारलं, पारडी लिहू?
"पारडीले कोणती गाडी थांबते हो, बाई?"
बीपी बघायला आलेला रोशन म्हणाला, पाटणा.
त्याच्याकडे आम्ही दोघांनी असं पाहिलं
की तो आकडा न सांगताच गेला.

मग बराच वेळ काही नाही.
नळीतून आपलंच रक्त जाताना बघायचं,
येताना बघायचं.

काचेच्या दारापलीकडे बाकावर सुगत, उकेंचा जावई,
मांडीवर हेल्मेट, गळ्यात घामाने कडक झालेला दुपट्टा,
तोंड उघडं टाकून झोपलेला.
इंदोऱ्याहून स्कूटरवर सासऱ्याला आणतो, बसून राहतो, नेतो.
अर्ध्या रजा किती उरल्या त्याच्या, कोणी विचारत नाही.
उके त्याच्याकडे बघत होते.
मला वाटलं, डोळा लागला यांचा.
"सारथी," ते म्हणाले. हळूच. जसं त्याला उठवायचं नव्हतं.

थी कुठून आणता? तिथे णा आहे.
"णा लिवला कोनं?"

मी. पेनने. पहिल्या पाच मिनिटांत.
अकरा आडवा: दिवस न कळवता आलेला. पाहुणा.
एवढं सोपं, की मी नीट वाचलंही नव्हतं.
दिवस न कळवता. म्हणजे तिथी नाही ज्याला.

अतिथी.

णावर थी गिरवला, हुवर ति,
आणि पावर अ, दोनदा, तिसऱ्यांदा,
कागद फाटेपर्यंत.
"आता हे अकरा उभं," मी म्हटलं, "अ. अक्षरं तीन. नागपूर येतंय असं..."
आणि थांबले.

एकतीस वर्षं हा माणूस त्या शेडमध्ये इंजिनांच्या पोटात शिरत होता.
एकतीस वर्षं तिथल्याच कडुनिंबाखाली डबा खाल्ला,
तिथूनच निवृत्तीचा नारळ घेऊन घरी गेला.
ते पुरवणीकडे बघत राहिले,
मग असे हसायला लागले की मशीन ओरडली,
माझीही ओरडली,
रोशन धावत आला, "हात हलवू नका काका, हात!"

तो चौकोन आता नुसता काळा आहे.
पा म्हणाल तर पा, अ म्हणाल तर अ,
आम्हा दोघांशिवाय कोणाला लागायचा नाही.
रोशनने वाकून पाहिलं, काय लिहिलंय म्हणाला.
दहा मिनिटं उरली होती.

"अजनी आली," उके म्हणाले. "बॅगा काढा."